अण्णांच्या हातात पट्टी देणाऱ्या मामांना

मामा,

तुमचं नाव कुठं लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. त्या दिवशी आमची डिश लावून तुम्ही निघालात तेव्हा मी चहाचा कप तुमच्या हातात दिला आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेले. एक शब्द बोलले असते तरी रडू आलं असतं. तुम्ही उंबऱ्यातनं हाक मारलीत, "ताई, येतो हां," तेव्हाही मी बाहेर आले नाही. ते मनाला लागून राहिलंय. त्याला तीन महिने होत आले.

तुम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं, आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कोण. कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही पाहिलात तो खाटेवर उशीला टेकून बसलेला, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंडातून शब्द न फुटणारा एक म्हातारा. दिवाळीनंतर आठव्या दिवशी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत आहे. हे मी येईल त्याला सांगते आणि येणारा मान हलवून पुन्हा माझ्याशीच बोलायला लागतो.

गारगोटीजवळच्या आमच्या गावात 1993 साली पहिली छत्री अण्णांनी बसवली होती. बारा फुटांची, जाळीची. तेव्हा डिश कुणी म्हणत नसे, छत्रीच म्हणत. तिचं तोंड एशियासॅट उपग्रहाकडं, 105.5 अंश पूर्व रेखांशावर. तिथून केबल ओढून अण्णांनी दीडशे घरांत चित्र पोचवलं. इंजिनिअर नव्हते. अकरावीला शाळा सोडलेली. जुन्या मासिकांतली पानं आणि मिरजेच्या एका रेडिओवाल्याची शिकवणी एवढ्यावर ते शिकले. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी (आताचं झी मराठी) सुरू झालं, त्या संध्याकाळी आमच्या पडवीत बसायला जागा नव्हती आणि अण्णा मात्र छपरावर छत्रीजवळ उभे होते, चित्र हललं तर लगेच हात घालता यावा म्हणून.

मला त्यांनी हे सगळं लहानपणी कळशीभर पाणी आणि आरसा घेऊन शिकवलं होतं. छत्री म्हणजे आरसा, म्हणायचे. उपग्रह तिच्या डावीकडं असला तर त्याचा उजेड उजवीकडं पडणार. उपग्रह खाली असला तर उजेड वर जाणार. म्हणून एका छत्रीवर दोन उपग्रह धरायचे असतील तर दुसरा एलएनबी, म्हणजे छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा छोटा डबा (तुम्ही त्याला एलएमबी म्हणता, अण्णाही तेच म्हणत), उलट्या अंगाला लावायचा. 36 हजार किलोमीटरवरून येणारा तो एवढासा उजेड नेमका कुठं पडतो हे बोटभर जागेत शोधायचं असतं. त्यांनी हे एकाच छत्रीवर दोन-दोन एलएनबी लावून केलं होतं, कुणी शिकवलेलं नसताना.

आता अण्णा आमच्याकडं कोल्हापुरात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. हॉलमध्ये महिन्याचे पैसे भरून घेतलेली डिश आहे, 83 अंशांवरची. हॉलमध्ये मुलांचा अभ्यास, पाहुणे, सगळंच. अण्णांच्या खोलीत माहेरचा जुना टीव्ही लावला, पण त्याला जोडायला काही नव्हतं. डीडी फ्री डिश लावावी, हे सुचवलं अण्णांनीच. बोलून नव्हे. पेपरातल्या दूरदर्शनच्या खुणेवर बोट ठेवून, मग छताकडं बोट करून. महिन्याचं काही भरावं लागत नाही, सह्याद्री दिसते आणि टीव्हीवरच आकाशवाणीची केंद्रंही ऐकू येतात. अण्णांना चित्रापेक्षा रेडिओ प्यारा.

अडचण एवढीच की सोसायटीचा नियम: एका फ्लॅटला गच्चीवर एकच डिश. मी अर्ज दिला, वडील आजारी आहेत असं लिहिलं. उत्तर आलं, नियम सर्वांना सारखा. ठीक. मग आहे त्याच डिशवर दुसरा एलएनबी लावायचा. हॉलच्या बॉक्सला त्याची वायर, अण्णांच्या बॉक्सला अण्णांची. काही अवघड नाही. अण्णांनी तीस वर्षांपूर्वी केलेली गोष्ट.

तीन माणसं येऊन गेली, मामा, तुमच्या आधी. पहिल्यानं दारातूनच सांगितलं, एका डिशवर दोन चालतच नाहीत, खिडकीच्या ग्रिलला दुसरी डिश ठोकून देतो. आमची खिडकी उत्तरेला आहे, उपग्रह दक्षिणेकडं, तिथून तो दिसणार कसा, हे मी विचारलं तर म्हणाला, लावून बघू. दुसऱ्यानं चार तोंडांचा स्विच, नवी डिश आणि कसलं तरी वार्षिक मेंटेनन्स मिळून तीन हजारांवर आकडा नेला. एकाच बॉक्सला दोन उपग्रह दाखवायचे असतील तर स्विच लागतो. इथं बॉक्सच दोन, वायरीही दोन. त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तिसऱ्याचा राग अजून गेलेला नाही. पोरगा हुशार दिसला, बरोबर एलएनबी अडकवायची पट्टी घेऊन आला. वर गेला, पट्टी आडवी लावली, दोन्ही एलएनबी एका पातळीत, शेजारी शेजारी. सिग्नल शून्य. दोन तास त्यानं डिशच हलवली. हॉलचंही चित्र गेलं. तो खाली आला तेव्हा अण्णा डावा हात उचलून त्याला काहीतरी सांगत होते. तळवा तिरका धरायचे, एक बाजू वर, पुन्हा पुन्हा. घशातून आवाज निघत होता. त्या पोरानं एकदा बघितलं आणि मला म्हणाला, "बाबांना त्रास होतोय वाटतं, आत झोपवा ना जरा." त्यांच्याच खोलीत उभा राहून म्हणाला. आणि मला कबूल करायला लाज वाटते, मीही त्यांना झोपवायलाच गेले. मलाही तो हात कळला नव्हता. आरशाचा धडा ज्या मुलीला दिला, तिलाही.

अण्णांनी त्या दिवशी भिंतीकडं तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत.

मग शेजारच्या काकूंनी तुमचं दुकान सांगितलं. तुम्ही मे महिन्याच्या उन्हात सायकलवरून आलात. आधी गच्चीवर जाऊन आलात, काही न बोलता. खाली येऊन पाणी प्यालात. अण्णांनी पुन्हा हात उचलला. तसाच तिरका तळवा. मी म्हणाले, "त्यांचं असंच चालतं, तुम्ही बघा तुमचं." तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. पिशवीतून पट्टी काढलीत, तिच्यावर दोन्ही एलएनबी सैल अडकवलेत, खाटेवर अण्णांच्या शेजारी बसलात आणि ती पट्टी त्यांच्या डाव्या हातात दिलीत. "आण्णा, कसं पाहिजे तुमास्नी? धरून दावा. मी तसंच लावतो."

ती पट्टी लोखंडाची, जड. अण्णांचा हात थरथरत होता. तुम्ही खालून तुमच्या दोन बोटांचा आधार दिलात, पण ढकललं नाहीत. ते मी पाहिलं. त्यांनी पट्टी आधी आडवी धरली. मग उजवी बाजू हळूहळू वर नेली. थांबले. आणखी थोडी वर. डोळे बारीक केले, छपरावर उभे असताना करायचे तसे. मग बाहेरच्या एलएनबीला अंगठ्यानं किंचित पीळ दिला. आणि मान हलवली, एवढंच.

तुम्ही खिशातलं पेन काढलंत, भिंतीवरच्या कालनिर्णयाचं मागचं पान पट्टीमागं धरलंत आणि त्या तिरप्या पट्टीच्या कडेनं रेघ ओढलीत. पीळ दिला होता तिथं एलएनबीच्या मानेवर खूण केलीत. मग म्हणालात, "आता चूक न्हाई व्हायची." कागद घडी करून वरच्या खिशात ठेवलात. हिशेबाचा कागद ठेवावा तसा.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कोल्हापुरातून आभाळाकडं बघितलं तर 93.5 अंशांवरचा जीसॅट-15, म्हणजे फ्री डिशचा उपग्रह, हा हॉलच्या डिशच्या 83 अंशांवरच्या उपग्रहाच्या नुसता डावीकडं नाही, बराच खालीही आहे. त्या दोघांना जोडणारी रेघ आडवी नसून उतरती आहे. म्हणजे छत्रीच्या आरशात ती उजवीकडं चढत जाणार. दुसरा एलएनबी तीन-साडेतीन इंच अंतरावर, पण वर चढवून लावायला हवा. अण्णा तिरका तळवा करून हेच सांगत होते. आठवडाभर सांगत होते.

पुढं काय काय केलंत ते मी लिहीत बसत नाही, तुम्हाला ते रोजचंच. फक्त एक सांगते. सिग्नल आला. तुम्ही वरून फोन लावलात. माझा मुलगा आकडा वाचायला पुढं झाला, तर तुम्ही म्हणालात, "बाळा, फोन आजोबांच्या कानाला लाव. त्यांचा टीव्ही हाय." टीव्हीवर सिग्नलची क्वालिटी 45 वर होती. चित्र लख्ख. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हुश्श केलं. अण्णांनी मात्र मान नकारार्थी हलवली. मी म्हटलं, अहो दिसतंय की सगळं! पुन्हा नाही. मी फोनवर तुम्हाला सांगितलं की ते नको म्हणताहेत, पण राहू दे, तुम्ही उतरा.

तुम्ही म्हणालात, "पावसाचं म्हणत असतील. बरोबर हाय त्यांचं."

आणि दुपारी दीडच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याशेजारी, आणखी अर्धा तास तुम्ही केसाकेसानं तो एलएनबी सरकवत राहिलात. बाजूला लावलेल्या एलएनबीला मधल्यापेक्षा मुळातच कमी मिळतं, आणि पावसाचं पाणी त्यातलंही खातं, हे तुम्हालाही माहीत होतं. 45 वर सोडून गेला असतात तर मला पाऊस लागेपर्यंत कळलंही नसतं. 68 झाल्यावर अण्णांनी डावा हात खाली टेकवला. बस, या अर्थी. गावाकडं खाली उभ्या असलेल्या पोराला छपरावरून करायचे, तीच खूण.

तुम्ही घेतलेत एलएनबीचे, वायरीचे आणि वर शंभर रुपये. मी जास्त देऊ लागले तर म्हणालात, "निम्मं काम आण्णांनी केलंय."

मामा, या आठ-नऊ महिन्यांत मी किती दारं झिजवलीत ते मला माहीत. दवाखान्यात मला विचारतात, "यांना भूक लागते का?" बँकेत मला विचारतात, "यांना सही कळते का?" यांना. अण्णा समोर बसलेले असतात. सगळी शिकलेली माणसं, कुणी वाईट नाही. रांग लांब असते, मला कळतं. पण माणसाकडं बघून, तुम्हाला कसं पाहिजे, एवढं विचारायला किती वेळ लागतो? तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत आमच्या घरातला पेशंट पुन्हा छत्रीवाले अण्णा झाला. चांगुलपणा म्हणजे दानधर्म, मोठी मदत, असलं काहीतरी मला वाटायचं. आता कुणी तो शब्द काढला की मला लोखंडी पट्टीखाली धरलेली तुमची दोन बोटं दिसतात.

जुलैत पंचगंगा वाढली तो आठवडा तुम्हाला आठवतच असेल. तीन दिवस झड लागली होती. एका रात्री तर हॉलचंही चित्र फुटायला लागलं. अण्णांच्या खोलीत मात्र आकाशवाणी चालू होती, मध्ये एक-दोनदा अडखळली तेवढीच. अण्णांनी मला हाक मारायला खाटेच्या दांडीवर टकटक केलं, टीव्हीकडं बोट केलं आणि हसले. अर्धंच तोंड हसतं आता. पण हसले.

आणखी एक. माहेरून आणलेली अण्णांची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर पडून होती. परवा त्यांनी ती काढायला लावली. आत जुने कनेक्टर, पाना, एक होकायंत्र आणि छत्रीचा कोन मोजायचं एक लाकडी साधन निघालं. लोलक लावून त्यांनी स्वतः बनवलेलं. अंशांच्या खुणा ब्लेडनं कोरलेल्या आहेत. अण्णांनी ते फडक्यानं पुसलं, डाव्या हातानं, खूप वेळ. मी विचारलं, नातवाला द्यायचं का? नाही. मला? नाही. मग त्यांनी कालनिर्णयाकडं बोट केलं, जिथलं मागचं पान तुम्ही नेलंत तिकडं.

ते तुमच्यासाठी काढून ठेवलंय. वेळ काढून या. गच्चीवर काही काम नाही, नुसतं बसायला या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई