सेवाग्रामकडच्या त्या अनोळखी माणसांचे आभार

म्हातारपणी कुठं राहायचं ते ठरवायच्या विचारानं आम्ही दोघं सेवाग्रामकडच्या एका ज्येष्ठ निवासात उभ्या उभ्या जाऊन आलो.

एसटीचे कंडक्टर भाऊ, यांचं आधारकार्ड पाहून तुम्ही शून्याचं तिकीट दिलंत (७५ झालेल्यांना २०२२ पासून मोफत, मला अर्धं), ते नियमानं. पण फाट्यावर गाडी थांबवून हाताला धरून उतरवलंत, ते कोणत्या नियमात बसतं? दुचाकीवरच्या पोरानं आधी यांना, मग मला दारापर्यंत पोचवलं. पैसे काढले तर "राहू द्या ना जी आजी" म्हणून पसार!

सगळ्यात जास्त आभार मात्र तिथं राहणाऱ्या त्या आजींचे. व्यवस्थापकांनी बाग दाखवली, आजींनी कामाचं सांगितलं. वरची खोली घेऊ नका, मे महिन्यात छत तापते, कूलरही हात टेकतो. रात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोण काढते ते विचारा. अनामत कधी परत देणार, लिहून घ्या.

स्वयंपाकघरातल्या ताईंनी यांच्यासाठी ज्वारीची भाकर दुधात कुस्करून दिली, न मागता.

निर्णय बाकी आहे. उन्हाळ्यात आठवडाभर राहून बघू म्हणतो. आजी, तेव्हा भेटूच.