90 च्या गाडीला 84 वर लगाम: स्पीड लिमिटरबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: जड पिकअपचा स्पीड लिमिटर ठरलेल्या वेगाआधीच आणि झटक्याने इंधन तोडतो, त्याबाबत.
सोबत: तीन जॉब कार्डच्या प्रती, जीपीएसच्या नोंदी.

महोदय / महोदया,

मला लिमिटर, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारी यंत्रणा, काढून नको आहे. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण माझ्या आधीच्या ईमेलला तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: "वेगमर्यादा कायद्याने बंधनकारक असल्याने वाढवता येणार नाही." मी ती वाढवायला सांगितलंच नव्हतं. माझी तक्रार नीट वाचली गेली नाही असं मला वाटतं, म्हणून आता सविस्तर लिहितो आहे.

मी जनरेटर भाड्याने देतो आणि ते पोहोचवण्यासाठी तुमची जड पिकअप घेतली. गाडीचं एकूण वजन साडेतीन टनांच्या वर जातं, म्हणून लिमिटर लागणार हे घेताना माहीत होतं. पुस्तिकेत मर्यादा ताशी 90 किलोमीटर लिहिली आहे. शोरूममध्ये विचारलं, तर "तुम्हाला जाणवणारही नाही" असं सांगितलं गेलं. टेस्ट ड्राइव्ह शहरातल्या रस्त्यावर झाली, तिथे काटा 60 च्या वर गेलाच नाही. जाणवणार कसं?

जाणवलं ते हायवेवर, पहिल्याच लांबच्या फेरीत. दोन लेनचा रस्ता, पुढे भरलेला टँकर, चढ सुरू. टँकर 75 वर आला होता. मागे पाहिलं, जागा होती, इंडिकेटर दिला आणि दुभाजकाकडच्या लेनमध्ये गाडी घातली. इंजिनात ताकद भरपूर आहे, चढावर गाडी सरसर वर आली. काटा 90 ला टेकला आणि त्याच क्षणी पायाखालचं सगळं गेलं. पेडल तळाला टेकलेलं, आणि खाली काहीच नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि पाण्याला टेकायच्या आत दोर संपावा, तसं. टर्बोची शीळ बंद झाली, गाडीने पुढे झोका खाल्ला, मग पुन्हा थोडं इंधन, पुन्हा झटका. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिच्या मोबाइलवर जीपीएसचा वेग दिसत होता. ती मोठ्याने वाचत होती: "84... 81... 84... 82..." तिला वाटलं गाडी बिघडली. मलाही तेच वाटलं.

मी टँकरच्या मधोमध असताना चढ संपला. उतार लागला की भरलेला टँकर आपल्याच वजनाने वेग घेतो. तोही 84 वर आला. आता आम्ही दोघं एकाच वेगाने शेजारी शेजारी, आणि रस्ता पूर्ण बंद. मागे सरकावं तर टँकरच्या मागची जागा दुसऱ्या गाडीने भरून टाकलेली. आरशात एकामागे एक दिवे. पहिल्या गाडीने डिपर मारला, मग सलग हॉर्न, मग ती इतकी जवळ आली की आरशात तिचे हेडलाइट दिसेनासे झाले. शेवटी मागून एक छोटी कार रस्त्याकडेच्या पट्टीवरून, टँकरच्या पलीकडून पुढे गेली. त्या पट्टीवर कोणी पंक्चर काढत बसलेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

त्या कारवाल्याला दोष द्यावा असं वाटतं, पण त्याच्या जागी बसून पाहा. त्याला लिमिटर दिसत नाही. त्याला दिसतं ते भलंमोठं बोनेट, रुंद टायर आणि मुद्दाम वाट अडवून बसलेला ड्रायव्हर. 110 ने येणाऱ्याला पुढची गाडी 84 ने चाललेली मिळते, तेव्हा फरक 26 किलोमीटरचा असतो, म्हणजे सेकंदाला सात मीटरहून थोडा जास्त. शंभर मीटरचं अंतर 14 सेकंदांत संपतं. ट्रक असेल तर लोक अंदाज बांधतात की हा हळू असणार. पिकअपकडून तशी अपेक्षा कोणी करत नाही. लोकांची चिडचिड मी समजू शकतो, पण तिचं कारण माझा स्वभाव नाही, तुमचं सेटिंग आहे.

आता 90 आणि 84 मधल्या त्या 6 किलोमीटरचा हिशेब. टँकरच्या मागे वीस मीटर, त्याची लांबी, माझी लांबी आणि पुढे सुरक्षित अंतर धरलं तर मला त्याच्यापेक्षा सुमारे 60 मीटर जास्त कापायचे होते. टँकर 75 आणि मी 84 असताना त्याला 24 सेकंद लागतात आणि रस्ता जातो 560 मीटर. मी खऱ्या 90 ने जाऊ शकलो असतो तर साडेचौदा सेकंद आणि 360 मीटर पुरले असते. त्या चढाचा उरलेला भाग अर्धा किलोमीटरही नव्हता. पुस्तिकेत लिहिलेला वेग मला मिळाला असता तर उतार लागायच्या आत मी टँकरच्या पुढे जाऊन आपल्या लेनमध्ये परतलो असतो. मागच्या कोणाला हॉर्न वाजवायची वेळ आली नसती.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं की काटा नेहमी थोडा जास्तच दाखवतो. बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 39 प्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं, जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर 4 किलोमीटर इतकी सूट आहे. म्हणजे 84 ला 90 दाखवणारा काटा नियमात बसतो. काट्याबद्दल माझी तक्रारच नाही. माझा प्रश्न लिमिटरबद्दल आहे. गाडीच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, सेन्सरकडून चाकांचे फेरे मिळतात, त्यावरून खरा वेग काढता येतो. काट्यासाठी फुगवलेला आकडा घेऊन त्यावर इंधन का तोडायचं? माझ्या गाडीत नेमकं तेच होत असावं असं नोंदींवरून दिसतं, कारण प्रत्येक वेळी काटा 90 ला पोहोचला की जीपीएस 84 किंवा फार तर 85 दाखवतो. एकदाही 86 नाही.

टायर मी स्वतः तपासले. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर जो साइज आहे तोच चाकांवर आहे. टायर झिजल्याने व्यास कमी होतो हेही माहीत आहे, पण नक्षी सहा मिलिमीटर झिजली तरी 800 मिलिमीटरच्या टायरमध्ये फरक दीड टक्का, म्हणजे सव्वा-दीड किलोमीटरचा. आणि माझे टायर नवे आहेत.

लिमिटरमागची कारणं मला मान्य आहेत. वजनदार गाडीचा वेग 90 वरून 110 केला की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. टायरवर वेगाचं अक्षर असतं, N म्हणजे 140, Q म्हणजे 160, त्यापुढे टायरची हमी नाही. लांब चेसिसच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्टही (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा) ठरावीक फेऱ्यांपलीकडे थरथरायला लागतो. युरोपात 1992 च्या निर्देशाने 12 टनांवरच्या मालवाहू गाड्यांना लिमिटर आला आणि 2002 च्या निर्देशाने तो साडेतीन टनांवरच्या गाड्यांपर्यंत आणला. कॅनडात ओंटारियो आणि क्युबेकने 2009 पासून मोठ्या ट्रकना 105 ची मर्यादा घातली. भारतात बहुतेक मालवाहू गाड्यांना 80 आहे. आकडा कुठे काय असावा यावर वाद होऊ शकतो. पण आकडा ठरला की तो रस्त्यावरचा असतो, डॅशबोर्डवरचा नव्हे.

सर्व्हिस सेंटरला मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा "सगळ्याच गाड्या अशा असतात." दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, फरक शून्य. जॉब कार्डवर लिहिलं आहे, "चाचणीत तक्रार आढळली नाही." चाचणी कुठे घेतली विचारलं, तर सेंटरसमोरच्या रस्त्यावर. तिथे 50 च्या वर गाडी जाऊच शकत नाही. 90 ला होणारी तक्रार 50 ला कशी आढळेल? हे वाक्य वाचून मला खरंच फार वाईट वाटलं. दिवसाची भाडी सोडून मी तिथे बसलो होतो.

तिसऱ्यांदा जे झालं ते तुमच्या कानावर घालणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या एका माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाहेर लॅपटॉप लावून लिमिटर काढून देणारे असतात, अर्ध्या तासाचं काम. मी नकार दिला. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, वॉरंटी जाईल आणि कायदा मोडेल तो वेगळाच. पण माझ्याजागी रोज हायवेवर शिव्या खाणारा, आरशात दिवे पाहून घाम फुटलेला माणूस असेल तर तो हो म्हणेल. मग त्याच्या गाडीला 90 ही नाही आणि 120 ही नाही, कसलीच मर्यादा उरणार नाही. चुकीच्या वेगावर लावलेला लिमिटर माणसांना लिमिटर काढायला लावतो. हे थांबवणं तुमच्या हातात आहे.

तोवर मी काय करतो तेही सांगतो. समोरची गाडी माझ्यापेक्षा दहाने तरी हळू नसेल तर मी ओव्हरटेक करतच नाही. चढाच्या माथ्याजवळ तर अजिबात नाही. परवा चाळीस मिनिटं एका टँकरच्या मागे राहिलो. मुलगी आता माझ्याबरोबर हायवेवर यायला कां-कूं करते.

माझ्या गाडीचा लिमिटर खऱ्या वेगावर जुळवून द्या. मोजमापात थोडं खाली-वर होणार हे समजतं, पण 6 किलोमीटरचा फरक मान्य करण्यासारखा नाही. इंधन एकदम तोडण्याऐवजी शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये हळूहळू कमी होऊ द्या, म्हणजे गाडी झटके न खाता एका वेगावर स्थिर राहील. मर्यादा जवळ आली की डॅशबोर्डवर दिवा लागावा किंवा बीप व्हावा. आज मला ती कळते ती थेट टँकरच्या शेजारी अडकल्यावर. आणि एक साधी गोष्ट: फ्रान्समध्ये जड वाहनांच्या मागे त्यांच्या कमाल वेगाचा आकडा गोल स्टिकरवर असतो. तुम्ही प्रत्येक जड पिकअपबरोबर टेलगेटवर लावायला 90 चा असा स्टिकर द्या. मागच्या माणसाला कारण दिसलं तर तो निदान थोडा दम धरेल. माझ्यासाठी मी तो स्वतः छापून लावला आहे. तेव्हापासून हॉर्न कमी झाले आहेत.

शोरूममध्ये विक्रीच्या वेळी लिमिटरचा खरा वेग लेखी द्यावा, हीही विनंती. "जाणवणारही नाही" हे वाक्य पुढच्या ग्राहकाला ऐकवू नका.

गाडी पुन्हा आणायला मी तयार आहे, पण या वेळी चाचणी हायवेवर, चढ-उतार असलेल्या टप्प्यावर आणि माझ्यासमोर व्हावी. तुमचा इंजिनिअर माझ्या शेजारच्या सीटवर बसू दे आणि जीपीएसचा वेग त्याने स्वतः वाचून जॉब कार्डवर लिहावा. तारीख आणि वेळ पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी.

आपला,
जड पिकअपचा मालक व चालक
(नाव, गाडी क्रमांक व चेसिस क्रमांक सोबतच्या अर्जात)