भावंडांच्या भेटीला व्हिसाच्या नियमांत जागा हवी

महोदय,

परदेशात राहणाऱ्या सख्ख्या भावाकडे किंवा बहिणीकडे काही आठवडे राहून यावे, एवढीच इच्छा असलेल्या विशीतल्या मुलामुलींना व्हिसाच्या खिडकीवर जो अनुभव येतो, त्याविषयी हे पत्र आहे. पती-पत्नी आणि अज्ञान मुले यांच्यासाठी बहुतेक देशांत स्वतंत्र तरतुदी असतात, पुष्कळ ठिकाणी आईवडिलांचाही विचार केलेला असतो. प्रौढ भावंड मात्र कायद्याच्या लेखी जवळजवळ परकेच राहते. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ आईवडील आणि आजीआजोबांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू देतो, पण भावंडांना तो मिळत नाही. कुटुंब एकत्र आणण्याविषयीच्या युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशातही भावंडांचा समावेश नाही. तो दीर्घ वास्तव्याचा प्रश्न आहे हे मान्य. पण अल्पकाळच्या भेटीतही या नात्याला वजन मिळू नये, हे मला पटत नाही.

आमच्या घरातल्या धाकटीला शिक्षण संपल्यावर आणि नोकरी सुरू होण्याआधीच्या मोकळ्या काळात थोरल्या भावाकडे जायचे होते. भावाने निमंत्रणपत्र पाठवले, स्वतःच्या उत्पन्नाचे आणि घराचे कागद जोडले, तिचा सर्व खर्च उचलण्याची हमी दिली. वकिलातीतील मुलाखत काही मिनिटांत आटोपली आणि ती फाईल उघडूनही न पाहता तिला नकार देण्यात आला. वय कमी, लग्न झालेले नाही, नावावर घर नाही, नोकरी अजून लागायची आहे; म्हणजे ती परत येणार नाही, असा अर्थ काढला गेला असावा. त्या वयात यांपैकी काहीही नसणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या त्याच वयात अशा भेटीसाठी सवड असते.

अमेरिकेच्या स्थलांतर व नागरिकत्वाविषयीच्या १९५२ च्या कायद्यातील कलम २१४(ब) नुसार पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण स्थायिक होण्यासाठीच येतो आहे असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. या नकारावर अपील नाही. पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करावा लागतो. तिथे नागरिक झालेल्या भावंडाने धाकट्यासाठी कायम वास्तव्याची याचिका दाखल केली असेल, तर तीही अर्जात सांगावी लागते आणि तिच्यामुळे संशय अधिकच वाढतो. नागरिकांच्या भावंडांसाठीच्या कायम वास्तव्याच्या त्या प्रवर्गाला वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा असून प्रतीक्षा १५ वर्षांहून अधिक आहे. एवढी वर्षे भेटीसाठीही जाता येऊ नये का?

थोरले भावंड घर सोडून जाते तेव्हा धाकटे पुष्कळदा शाळेत असते. पुढची ओळख फोनवरच्या बोलण्यातून होते, आणि त्यात बरे तेवढेच सांगितले जाते. भाऊ कसा राहतो, कामावरून किती थकून येतो, आजारी पडला तर त्याच्याजवळ कोण असते, हे त्याच्या घरात काही दिवस राहिल्याशिवाय कळत नाही. पुढे आईवडिलांच्या आजारपणाचे आणि म्हातारपणाचे निर्णय या दोघांनाच एकमेकांच्या विश्वासावर घ्यायचे असतात. म्हणून अशा भेटीला नुसती सहल म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

मार्ग नाही असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या अभ्यागत व्हिसात नातलगाने प्रायोजक होण्याची सोय असून तिथे भावंड प्रायोजक होऊ शकते. सरकार त्याच्याकडून अनामत मागू शकते आणि पाहुण्याला तिथूनच मुक्काम वाढवून मिळत नाही. जर्मनीत यजमान अधिकाऱ्यांसमोर लेखी हमी देतो आणि पाहुण्यावर सरकारचा खर्च झाला तर तो भरून देण्यास बांधील राहतो. अनामतीमुळे ऐपत नसलेल्यांवर भार पडेल ही अडचण खरी आहे, तरीही केवळ वय पाहून दिलेल्या नकारापेक्षा ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते.

अर्ज करणाऱ्या तरुणांना एक कळकळीची विनंती. ‘भाऊ तिथे आहे हे लिहूच नका’ असा सल्ला काही एजंट देतात, तो ऐकू नये. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कॅनडात ५ वर्षे, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत आणि अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी लागू शकते. नात्याचा उल्लेख स्पष्ट करावा, भेटीचा हेतू आणि परतीनंतरचा बेत लेखी द्यावा, प्रवेशपत्र किंवा नेमणूकपत्र असल्यास जोडावे.

सरकारांनी आपसातील व्हिसाविषयक चर्चांमध्ये भावंडांच्या अल्पकालीन भेटीचा मुद्दा स्वतंत्रपणे घ्यावा. तोवर निदान नकाराच्या पत्रात, भावंडाने दिलेली हमी विचारात घेतली होती की नाही आणि ती का अपुरी ठरली, हे स्पष्ट शब्दांत लिहिले जावे.

– एक वाचक