आबा, पाहायला शिकवलंत

प्रिय आबा,
सादर नमस्कार.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. पाऊस किती पडला, सुपारीला कोळेरोग लागला का, हेच विचारत बसता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात ते मोबाइलवरून वाचून दाखवेल, आणि ती वाचत असताना तुम्ही उठून जाणार नाही याची मला खात्री आहे. नाव लिहू नको म्हणालात, ते ऐकलंय. आपल्या सत्तरी तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सासरे गेले आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, माझ्या अंगावर पडलं. त्याच वर्षी रानडुकरांनी सुरण आणि कणगांच्या कंदांचे वाफे एका रात्रीत उलथून टाकले. जो तो येऊन एकच सांगायचा, क्लचची वायर आण आणि फासकी लाव. एकानं तर गावठी बॉम्ब आणून देण्याची तयारी दाखवली. तुम्ही आलात ते काठी टेकत, आणि आल्यावर बराच वेळ एक शब्द बोलला नाहीत. गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या कडेकडेनं चालत राहिलात. मग व्हाळाकडच्या, ओढ्याकडच्या किंदळाच्या झाडाच्या बुंध्यापाशी थांबून मला हाक मारलीत, "बाय, हांगा यो." (बाय, इकडे ये.)

बुंध्यावर माझ्या मांडीच्या उंचीपर्यंत वाळलेला चिखल होता. डुक्कर चिखलात लोळतं आणि येऊन झाडाला अंग घासतं, त्यामुळे चिखल जिथवर पोचला तिथवर त्याची पाठ, असं तुम्ही सांगितलंत. चिखलात अडकलेला एक राठ केस नखानं सोडवून माझ्या तळहातावर ठेवलात. टोकाला तो फाटलेला होता. असा फाटका केस डुकराचाच, म्हणालात. खाली ओल्या मातीत खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे ठसे उमटले होते. भेकराच्या मागात ते सहसा दिसत नाहीत. मागाच्या कडा ढासळल्यात का, आतलं पाणी अजून गढूळ आहे का, वाटेवर कोळ्यानं धागा ताणलाय का, एवढ्यावरून तुम्ही सांगितलंत की कळप पहाटे गेला, पुढे म्हातारी मादी होती आणि त्यांच्याबरोबर पिल्लं होती. वाफ्यांची नासाडी झाल्यावर मी रागानं रात्री जागले होते. पण ती कोण आहेत, कुठून येतात आणि का येतात, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं.

पुढचं सगळं तुमच्या सांगण्यावरून केलं. व्हाळाजवळचं गडग्याचं खिंडार चिऱ्यांनी बुजवलं. पलीकडची त्यांची जुनी वाट मोकळी ठेवली, म्हणजे त्यांना जायला रस्ता राहील. गडग्याला लागून वाढलेली झुडपं काढली, कारण दिवसा ती तिथंच दबून बसायची. पडलेले फणस आणि काजूची बोंडं रोज वेचायला लागलो. सुरण घराजवळ आणला. सौरकुंपण नंतर आलं, तेही कुठून कुठवर घालायचं ते तुम्हीच ठरवलंत. नुकसान अजूनही होतं, थोडं कमी होतं इतकंच. पण माझ्या कुळागरात आजवर एकही फासकी लागलेली नाही, आणि ते तुमच्यामुळे.

याहून मोठा उपकार माझ्या मुलावर आहे. तो त्या वयात होता की वाड्यावरची मोठी पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन शिकारीला निघाली की याचे पाय घरात ठरत नसत. मी ओरडायचे, तो ऐकायचा नाही. तुम्ही त्याला कधीच "जाऊ नको" म्हटलं नाहीत. नुसतं विचारलंत, "माझ्याबरोबर येतोस?"

पहिल्या पावसात तुम्ही त्याला आणि त्याच्या मित्रांना शेतात नेलंत. पोरं पोतं घेऊन निघाली होती; गोव्यात पहिल्या पावसात पोतं घेऊन शेतात जातात ते बेडूक पकडायला. तुम्ही बॅटरी धरलीत आणि म्हणालात, "आधी पळय," म्हणजे आधी बघ. पिवळेजर्द नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडत होते. तो रंग असा थोडेच दिवस टिकतो, मादीला बोलावण्यापुरता. तेव्हाच पकडलं तर पुढची अंडी गेली आणि शेतातले किडे खाणारेही गेले. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणं आपल्या सरकारनं १९८७ मध्येच बंद केलं आणि कायद्यानं बेडूक मारायलाही बंदी आहे, हे मी पोरांना आधी सांगून पाहिलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नव्हता. त्या रात्री मात्र पोतं रिकामं आलं, आणि मुलगा सकाळपर्यंत त्या निळ्या फुग्यांबद्दलच बोलत होता.

तुम्ही स्वतः काय काय मारलंत हे त्याच्यापासून लपवलं नाहीत, याबद्दल मला तुमचा फार आदर वाटतो. गोवा मुक्त झाला तेव्हा तुम्ही अठराचे होता. त्याच्याही आधी तुमच्या बाबांची ठासणीची बंदूक खांद्याला लागली होती. तेव्हा बार काढण्यातच मजा होती, कवडा असो की हरियल, आवाज झाला की छाती फुगायची, असं तुम्ही त्याला सांगितलंत. मग पारधीचे दिवस आले. हाके घालायचे, कुत्री सोडायची, ज्याची गोळी लागली त्याला जादा वाटा, आणि घराघरात वाटा पोचायचा. कुणाच्या नावावर किती, याची चर्चा मग देवळाच्या पायरीवर. त्यानंतर तुम्हाला लहानसहान जनावर नकोसं झालं. सुळे आलेला एकांडा नर तेवढा पाहिजे. पुढे पुढे तर वाऱ्याची दिशा धरून त्याच्या किती जवळ जाता येतं यातच रस उरला. बार काढला काय, नाही काढला काय.

"मग सोडलंत कधी?" मुलानं विचारलं. त्याला एखादी गोष्ट ऐकायची होती, मरणाऱ्या हरणीच्या डोळ्यांची वगैरे. तुम्ही म्हणालात, असा दिवसच नव्हता. एका वर्षी शिंगात ठेवलेली बंदुकीची दारू काढायला गेलात तर ओल लागून तिचे गोळे झालेले. म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून तिला हातच लागला नव्हता, हे तेव्हा तुमच्या लक्षात आलं. निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका निवडणुकीनंतर तुम्ही ती आणायला गेलाच नाहीत, शेवटी तिकडूनच निरोप आला. त्यानंतर परवानाही परत केलात. हे सांगताना तुमच्या बोलण्यात ना पश्चात्ताप होता ना मोठेपणा. माझ्या मुलाला त्यातलं खरेपण बरोबर कळलं.

पुढे मी वाचलं की अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात हजारावर शिकाऱ्यांचा अभ्यास करून असेच पाच टप्पे मांडले होते. आधी नुसता बार काढण्याची हौस, मग संख्या, मग निवडक मोठं जनावर, मग शिकारीच्या पद्धतीचा ध्यास, आणि शेवटी असं वय की रानात असणं हेच पुरेसं होतं. तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, त्यात शेत कुठं आहे? बरोबर आहे तुमचं. तिकडचा शिकारी सुट्टीत रानात जातो. आपल्याकडे रान रात्री भातात उतरतं, आणि बंदुकीचा परवानाही पिकाच्या राखणीसाठीच मिळायचा. पाच टप्प्यांमध्ये भूक येत नाही, वाटाही येत नाही.

तरी मला त्यातून एक गोष्ट सापडली, आणि ती तुमच्याकडे पाहूनच सापडली. लोक म्हणतात वय झालं, हात थरथरायला लागले, म्हणून शिकारी मऊ होतो. मला हे पटत नाही. तुमचे हात अजून थरथरत नाहीत. तुम्हाला बदललं ते पाहण्यानं. ठासणीच्या बंदुकीत एकच बार. तो फुकट जाऊ नये म्हणून जनावर जवळ येईपर्यंत थांबायचं, वारा बघायचा, त्याची वाट, त्याचा पाणवठा, त्याचं कुटुंब ओळखायचं. इतकी वर्षं इतकं पाहिल्यावर माणूस तोच राहणं कठीण. क्लचच्या वायरीची फासकी लावणाऱ्याला मात्र काहीच पाहावं लागत नाही. तो वायर बांधून घरी जाऊन झोपतो. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा अडकतो, कधी कुणाचं वासरू अडकतं, आणि ते तडफडताना तो तिथं नसतो. चाळीस वर्षं फासक्या लावून तो साठीला पोचला तरी पहिल्या दिवशी होता तिथंच असेल. मला काळजी वाटते ती याची. बंदुकीच्या हौशी पोरांपेक्षा मला त्या वायरीची जास्त भीती वाटते.

२०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषप्रयोगाचं बोलणं झालं, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता असं तुमच्या सुनेनं सांगितलं होतं. आपल्याकडे वाघ 'वाघ्रो' देव म्हणून पुजला जातो. तुम्ही त्या वेळी म्हणालात ते मला पाठ आहे: "आमच्या वेळी शिकारी जनावरासमोर जायचा. विष घालणाऱ्याला शिकारी म्हणू नका." ज्याची गुरं जातात त्याचं दुःख तुम्ही कधी लहान केलं नाहीत. २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितल्यावर गावोगाव जे वाद पेटले, त्यातही तुम्ही दोन्ही बाजूंच्या ओसरीवर बसून आलात. आमच्या बागायती आणि घरं त्या हद्दीत येतात, ही भीती खोटी नाही, आणि रानात वाघ नसला तर डुकरांना आवरणार कोण, हेही खोटं नाही, असं म्हणणारे तुमच्याशिवाय मला फारसे भेटले नाहीत.

रायबंदरहून फेरीनं आपण चोडणच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो, ते आठवतं ना? खारफुटीच्या वाटेवर मी तुम्हाला सांगितलं की या अभयारण्याला ज्यांचं नाव आहे त्या पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवातही बंदुकीनंच झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कुठला पक्षी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी रागावण्याऐवजी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. तुम्ही विचारलंत, "त्या साहेबानं त्याला ओरडलं असतं तर?" आणि मग स्वतःच गप्प झालात. मुलगा तुमच्याकडे बघत होता. तुम्हीही त्याच्यासाठी तसेच खण उघडलेत, आबा, आणि तो प्रश्न त्यालाही बरोबर कळला होता.

त्याचं बंदुकीचं आकर्षण पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही. परवाच त्यानं विचारलं, तुमची ती ठासणीची आता कुठे असेल. पण आता तो पहाटे उठून वाटेवरचे माग बघतो आणि वहीत लिहून ठेवतो, भेकर कुठं भुंकलं, शेकरूनं नवं घरटं कुठं बांधलं. मागच्या महिन्यात वरच्या डोंगरात त्याला एक फासकी दिसली. त्यानं हात न लावता जागा नीट लक्षात ठेवली आणि वनखात्याच्या माणसांना घेऊन गेला. हे करायला मी त्याला सांगितलं नव्हतं.

आता एक मागणं. त्याच्याबरोबर वाड्यावरची आणखी काही पोरं यायला तयार आहेत. त्यातली दोघं फासक्या लावणाऱ्या घरची आहेत, तुम्हाला माहीत आहेत. भात कापून झालं की एका रविवारी त्यांना घेऊन व्हाळाच्या वरच्या अंगाला जायचं का? चढावापर्यंत गाडीनं सोडण्याची व्यवस्था मी करते, पुढे तुम्हाला जमेल तितकंच चाला. पेज आणि सुकं सुंगट (सुकी कोळंबी) घेऊन मी बरोबर येईनच. नातीकडून निरोप पाठवा, कुठला रविवार ते.

तुमची,
बाय