खुब्याच्या इम्प्लांटलाही दराची मर्यादा हवी

महोदय,

गेल्या श्रावणात माझी ७४ वर्षांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात एक्स-रेच्या आधी विचारणा झाली ती विम्याची! डिस्चार्जच्या बिलात एकच ओळ होती: ‘इम्प्लांट – १,४८,०००’. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, काही नाही. दोन दिवस खेटे घातल्यावर डब्यावरच्या स्टिकरची अंधूक झेरॉक्स मिळाली. विमा कंपनीने त्यातले ४१ हजार ‘वाजवी दरापेक्षा जास्त’ म्हणून कापले. वाजवी दर कोणता, हे मात्र कुणीच सांगेना. ते पैसे आईची एफडी मोडून भरले.

औषध दर नियामक एनपीपीएने २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे आणि गुडघ्याच्या इम्प्लांटचे कमाल दर ठरवले. औषध लावलेला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. खुब्याला तसा कमाल दर नाही. एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढंच बंधन. पण मुळात छापलेली एमआरपीच अवाच्या सवा असेल तर त्याचा काय उपयोग?

ऑस्ट्रेलियात सरकारच इम्प्लांटची यादी काढतं आणि खासगी विमा कंपन्यांनी किती रक्कम द्यायची तेही त्यात ठरलेलं असतं. आपल्याकडे एनपीपीए आणि विमा नियामक आयआरडीएआय यांनी मिळून अशी यादी मराठीतही जाहीर करावी आणि बिलासोबत स्टिकर व खरेदीची पावती देणं रुग्णालयांना बंधनकारक करावं.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज