मैदानाच्या मधोमध खेळपट्टी नको

हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाच्या ग्वाल्हेरच्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने नाबाद २०० धावा केल्या. शहर हॉकीकडून क्रिकेटकडे वळले, याचा आनंदच आहे. काळजी वाटते ती लहान मैदानांची.

हॉकीच्या ९१.४ बाय ५५ मीटर मैदानाच्या मधोमध २०.१२ मीटरची खेळपट्टी घातली की हॉकी तिथे संपते. काळी चिकणमाती रोलर फिरवून दाबली की सिमेंटसारखी कडक होते आणि वाळल्यावर भेगाळते. शिवाय ती दोन बोटे वर उचललेली असते. जोरात सरपटत आलेला चेंडू त्या कडेला आपटून थेट नडगीवर किंवा तोंडावर उडतो. हॉकीचा चेंडूही क्रिकेटइतकाच, साधारण १६० ग्रॅमचा असतो, हे आखणी करणाऱ्यांनी विसरू नये. उलट हॉकीच्या बुटांनी खेळपट्टी उखडते, मग उसळी बेभरवशाची होते. दोघांचेही नुकसान.

उपाय अवघड नाही. बाजूच्या रेषेबाहेर किमान ५ मीटर सोडून, रेषेला समांतर, जाळीतली सरावपट्टी करावी. गोलंदाजाची धाव आणि यष्ट्यांमागची जागा धरून ४० मीटर लांबी पुरते. दोन्ही खेळांना उत्तर-दक्षिण दिशाच सोयीची, म्हणजे मावळतीचे ऊन डोळ्यांवर येत नाही. सामन्यासाठी मॅट अंथरावी आणि खेळ संपताच तिला ठोकलेले खिळे मोजून काढावेत. गवतात राहिलेला एक खिळाही अनवाणी पोराचा पाय फाडतो.

– एक क्रीडाप्रेमी, लष्कर, ग्वाल्हेर