‘नोमु’ म्हणजे केवळ ‘पिणे’ नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जपानी शब्दांच्या चौकटीत ‘नोमु’ या क्रियापदाचा अर्थ ‘पिणे’ एवढाच दिला आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जपानी माणूस पाणी आणि चहा ‘नोमु’ करतो, तशीच औषधाची कोरडी गोळीही. कारण न चावता घशाखाली उतरवणे हा या क्रियापदाचा गाभा आहे. तेथूनच त्याचे लाक्षणिक अर्थ फुटतात. ‘जोओकेन ओ नोमु’ म्हणजे समोरच्याच्या अटी मान्य करणे, ‘इकी ओ नोमु’ म्हणजे विस्मयाने वा भीतीने श्वास रोखला जाणे, आणि ‘नामिदा ओ नोमु’ (शब्दशः अश्रू गिळणे, म्हणजे दुःख मुकाट्याने सोसणे) हे अंतिम सामन्यात हरलेल्या संघाविषयी हमखास वापरले जाते. लाटांनी होडी ओढून नेली, तरी हेच क्रियापद येते.

मराठीत या ठिकाणी ‘गिळणे’ अधिक जवळचे आहे. आपण अपमान गिळतो, आवंढा गिळतो, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राने होडी गिळली असे गोव्यात सहज म्हणतो. मात्र अटी आपण गिळत नाही, मान्य करतो. औषध तर नुसते ‘घेतो’. पुढील चौकटीत अर्थासोबत निदान एक वाक्य द्यावे, ही विनंती.

आपला एक वाचक,
फोंडा, गोवा